व्यासपीठाची पायरी

बंदरावरच्या देवळात भारतकथेचा सप्ताह चालला होता. नागूबाई कोळीण कर्णाची गोष्ट सांगायला निघाली, तेव्हा विश्वंभरशास्त्र्यांनी तिला पायरीवरच अडवलं.

"कोळणीनं इथं चढायचं नसतं. व्यासपीठ म्हणजे काय, ठाऊक तरी आहे का?"

"तुम्हीच सांगा, बुवा."

"महर्षी व्यासांचं आसन, म्हणून हे नाव."

"आणि व्यासांची आई कोण?"

शास्त्री हळूच म्हणाले, "सत्यवती. कोळ्याच्या घरची."

"मग लेकाच्या आसनाला आईचे पाय चालत नाहीत, असं कुठं लिहिलंय?"

शास्त्री बाजूला झाले. नागूबाई वर जाऊन बसली, पण तिला शब्द फुटेना. गेल्या श्रावणात वारलेल्या तिच्या बापाला सगळं भारत तोंडपाठ होतं, आणि जन्मभर तो खाली उभा राहूनच ऐकत आला होता. तो असतानाच हे विचारायला हवं होतं.