धुरपदेने नेलेले खुंटे

गावात पिठाची गिरणी यायला अजून कैक पिढ्या होत्या आणि घरोघर जातं फिरत होतं, तेव्हाची ही गोष्ट. सावरखोऱ्याला त्या काळी झोप नव्हती.

झालं होतं असं. एका सासूने पाणवठ्यावर फुशारकी मारली, "आमच्या सुनेचं जातं कोंबड्याच्या आधी वाजतं." शेजारणीला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेचं जातं त्याच्याही आधी वाजलं. मग तिसरीचं. पहाट मागे सरकत मध्यरात्रीवर आली, आणि शेवटी जेवणाची ताटं उचलली की लगेच घरघर सुरू होऊ लागली. जिचं जातं थांबेल तिच्या घराचं नाक कापलं जाणार, म्हणून कुणीच थांबेना. असं म्हणतात, की त्या गावावरून घुबडंसुद्धा उडत नसत.

माणसं चिडकी झाली. भाजीत मीठ दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. पायात मोडलेला काटा महिनाभर चिघळे. नांगरावरचा गडी उभ्या उभ्या पेंगे आणि बैल बांध ओलांडून जात. वैदूने काढे दिले, भगताने अंगारे दिले. झोप घ्या, असं मात्र कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यालाच डुलकी येत होती!

अशा गावात धुरपदा आली. ती टाकारीण. झिजलेल्या जात्याला छिन्नी-हातोडीने टाकी लावून दगड पुन्हा खरखरीत करायचा, हे तिचं काम. गवरा नावाच्या सुनेच्या घरी तिने जात्याचा वरचा दगड उचलला, हात फिरवला आणि दचकली.

"गवरे, ह्ये दळून झिजलं न्हाय. रिकामं फिरवलंय तू."

गवरा रडायलाच लागली. "दाणं सरलं तरी आवाज थांबून चालत न्हाय, मावशी. सासूबाई उठून बसत्यात."

दगडावर दगड घासून पिठात कच येत होती, ते एक वेळ ठीक. पण गवरेच्या मांडीवर तीन महिन्यांचं पोर होतं, आणि त्याच्या रडण्यातला जोर गेला होता. आईला झोप नाही, म्हणून अंगावर दूध नाही.

धुरपदेला ते रडणं ओळखीचं होतं. वीस वर्षांपूर्वी लग्नसराईत तिने रात्र रात्र दिव्याच्या उजेडात टाकी मारली होती, शेजारच्या पाटीत तान्ही लेक ठेवून. दूध आटलं. लेक गेली. तेव्हापासून जरा डोळा लागला की तिच्या छातीत टाकीचा आवाज सुरू होई. म्हणून ती एका गावात दोन रात्री टिकत नसे. त्या दिवशीही तिने पाटी उचलली, वेशीपर्यंत गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा गेली. शेवटी परतली ती राहण्यासाठीच.

एकट्या गवरेचं जातं थांबवून भागणार नव्हतं. तेव्हा जी दगडाबद्दल जन्मात खोटं बोलली नव्हती, ती धुरपदा खोटं बोलली. गावातल्या झाडून सगळ्या जात्यांना तिने टाकी लावली आणि सांगितलं, "औंदा दगड लई तापल्यात. सात रात्री निवू द्या, फिरवले तर मधोमध फुटतील. जात्याचा खुंटा दिवेलागणीला पारावर माझ्यापाशी आणून द्यायचा, सकाळी न्यायचा." खुंट्याशिवाय जातं फिरत नाही. दगड फुटायच्या भीतीने सगळ्यांनी खुंटे दिले.

पहिल्या रात्री गाव अंथरुणावर तळमळत राहिलं. जो तो कान देऊन, शेजारी घरघर तर होत नाही ना! दुसऱ्या रात्री गवरेची सासू ठकूबाई हळूच पाराशी आली. धुरपदा पाटीला टेकून जागीच होती.

"आमचा तेवढा दे. हळूच फिरवू."

"तुला नातू पायजे का आवाज पायजे?"

ठकूबाई माघारी वळली. घरी जाऊन सुनेशेजारी आडवी झाली.

तिसऱ्या रात्री गाव झोपलं. असं म्हणतात, की माणसं इतकी घोरली, की वेशीवरचा मारुती हसला. चौथ्या दिवशी चिघळलेले काटे आपोआप वर आले. पाचव्या दिवशी जुनी भांडणं कशावरून होती ते नीट आठवलं आणि लोकांना हसू फुटलं. सहाव्या दिवशी गवरेला पान्हा आला, आणि पोर असं ठणठणीत रडलं की पारावर धुरपदेला ऐकू गेलं.

त्या रडण्याने तिच्या छातीतली टाकी थांबली.

सातव्या सकाळी बाया खुंटे न्यायला आल्या, तर धुरपदा पाटीवर डोकं टेकून गाढ झोपलेली. एक बाई हाक मारणार, तोच ठकूबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "निजू दे तिला."

असं म्हणतात, ती तीन दिवस झोपली. तीन दिवस गावात दळण नाही. लोकांनी ज्वारी उकडून घुगऱ्या खाल्ल्या आणि पारावरून वहाणा हातात घेऊन गेले. चौथ्या दिवशी ती उठली, ओशाळून म्हणाली, "दगड फुटत न्हाईत, बायांनो."

"ठावं हाय," ठकूबाई म्हणाली.

सावरखोऱ्यात आज गिरणी आहे. वर्षातून तीन दिवस ती बंद असते आणि गाव घुगऱ्या खातं. जुने खुंटे मात्र घरोघर जपलेत. बाळंतीण झोपली असेल तर तो खुंटा उंबऱ्यावर ठेवतात. मग सरपंच येवो की पोस्टमन, खुंटा दिसला की हाक न मारता माघारी फिरतो.