तलावाचा राखणदार सभेत उठतो

पूर्वी सुधन्य नावाच्या नगरात राजा दृढसेन राज्य करीत असता बोधिसत्त्व तिथल्या मोठ्या तलावाचा राखणदार होऊन जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. बांधावरून चालताना पायाखालची माती भरीव आहे की पोकळ, हे त्याच्या टाचेला कळे. पण चार माणसे समोर आली की त्याच्या तोंडाला कुलूप लागे. घरी आलेल्या जावयाशीसुद्धा तो खाली मान घालूनच बोलत असे.

या नगराची एक रीत होती. सभेत कोणी स्वतः बोलत नसे. ज्याला काही सांगायचे असेल त्याने ते भाटाच्या कानावर घालायचे आणि भाटाने ते सजवून राजाला ऐकवायचे. आपल्या तोंडाने बोलणारा माणूस अडाणी समजला जाई. शहाणपणाच्या नावाखाली माणसे काय काय करतात! सोमिलाला मात्र ही रीत फार सोयीची वाटे.

एके वर्षी आश्विन सरता सरता त्याला बांधाच्या पायथ्याशी पाझर दिसला. पाझर दरवर्षीच असे, आणि तो स्वच्छ असला तर काळजीचे कारण नसे. या वेळी पाणी गढूळ होते. म्हणजे बांधाची माती आतल्या आत वाहून चालली होती. सहा दिवसांनी बांधाखालच्या माळावर जत्रा भरणार होती, आणि तीन दिवस सारे नगर मुलाबाळांसह तिथेच उतरणार होते.

सोमिलाने हे बायकोला, पालितेला, सांगितले. ती म्हणाली, “मग उद्या सभेत सांगा की.”

“भाटाला सांगतो.”

“कोण, तो चित्रभानू? त्याच्या तोंडात कारलंही गोड होतं. तुम्हीच बोला.”

“मला नाही जमायचं. माझे पाय लटपटतात.”

पालितेने कपाळाला हात लावला. सोमिल टोपलीभर शिंगाडे घेऊन चित्रभानूकडे गेला आणि त्याने सगळे नीट समजावून सांगितले. भाट म्हणाला, “निश्चिंत राहा. असं सांगतो की सभा डोलली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सभा खरोखरच डोलली. चित्रभानूने हात उंचावून म्हटले, “महाराज, तलावमाता लेकरांसाठी पान्हावली आहे! तिच्या उदरातून चंदनाच्या रंगाची धार वाहू लागली आहे!” सगळीकडून वाहवा झाली. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने तिथल्या तिथे आज्ञा केली, “यंदा मांडव त्या धारेपाशीच घाला. बायकामुलांना पुढे बसवा, म्हणजे त्यांना दर्शन घडेल.”

मागच्या रांगेत बसलेल्या सोमिलाला रडू कोसळायचे तेवढे राहिले. त्याने भाटाचे उपरणे ओढले. “अरे, हे काय सांगितलंस?”

“तू सांगितलंस तेच, जरा गोड करून. कडू बोललेलं महाराजांना चालत नाही.”

राजा आसनावरून उठू लागला. तेव्हा बोधिसत्त्वही उठला.

“अगं बाई, राखणदार स्वतः बोलतोय!” कोणी तरी म्हणाले आणि हशा पिकला. सोमिल “महाराज” एवढेच म्हणू शकला. सगळे डोळे आपल्यावर, आपल्या चिखलाने माखलेल्या धोतरावर खिळले आहेत, याखेरीज त्याला काही सुचेना. इतक्यात त्याची नजर दुसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या कुंभारणीवर गेली. ती दर जत्रेला पणत्या घेऊन बांधाखाली बसे. तिच्यापलीकडे एक तेली नातीला मांडीवर घेऊन बसला होता. जत्रेत कोण कुठे उतरतो, हे सोमिलाला पाठ होते. तो एकेक चेहरा पाहू लागला, आणि आपण कसे दिसतो हे विसरला. गुडघे कापतच होते. त्याने ते कापू दिले.

“महाराज, बांध फुटणार आहे,” तो म्हणाला. “ते पाणी चंदनाचं नाही, मातीचं आहे. बांध आतून पोखरतोय. ही आजी पणत्या घेऊन बसते ना, तिथं पुरुषभर पाणी येईल.”

हसू थांबले. प्रधान ओरडला, “अरे, बोलायची काही रीत आहे की नाही?”

“रीत मागाहून शिकेन, प्रधानजी. आधी माणसं टेकडीवर न्या.”

राजाने विचारले, “कशावरून म्हणतोस?”

“घडाभर पाणी धरून ठेवा, महाराज. तळाशी माती बसली नाही तर मला खोटा म्हणा.”

संध्याकाळपर्यंत घड्याच्या तळाशी तीन बोटे माती बसली. राजाने ती स्वतः बोट घालून पाहिली. त्याच दिवशी तलावाची दारे उघडून पाणी सोडायला सुरुवात झाली आणि जत्रा टेकडीवर हलवली गेली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बांध मधोमध खचला. उरलेले पाणी रिकाम्या माळावरून वाहून गेले. सुधन्य नगरातले एक कोंबडेसुद्धा बुडाले नाही. तेव्हापासून तिथे भाट लग्नात बोलू लागले आणि सभेत माणसे बोलू लागली.

भगवंतांनी ही कथा सोणक नावाच्या भिक्षूला सांगितली. संघापुढे धर्म सांगण्याची त्याची पाळी तीनदा आली होती, आणि शब्द सुचत नाहीत म्हणून तो तीनदा मागे सरला होता. भगवंत म्हणाले, “तेव्हाची पालिता ही आजची भिक्षुणी रेवा. राजा दृढसेन हा आपला उपासक मणिभद्र. आणि राखणदार सोमिल म्हणजे मीच. माझे गुडघे शेवटपर्यंत कापत होते.”

“आणि तो भाट, भगवन्?”

“तो तू. तेव्हा तुझ्यापाशी शब्द फार होते, सोणका, आणि नगर बुडायला आले होते. आज थोडे आहेत. जा, तेवढेच सांग.”

सोणक उठला आणि धर्मासनावर जाऊन बसला. भीती जाण्याची वाट न पाहता दुसऱ्याच्या हितासाठी उभे राहणे, या गुणाला धर्मात वीर्य, म्हणजे न डगमगता केलेला प्रयत्न, म्हणतात.