मेण्यातून आलेली लाल फळं

अंबरगडच्या पायथ्याच्या दरबारात एक व्यापारी मेण्यातून आला आणि त्याने मूठभर वाळकी लाल फळं महाराजांपुढे ठेवली. ती खाल्ली की गुडघेदुखी, टक्कल, निद्रानाश, सगळं म्हणे पळून जात होतं. राजवैद्यांनी तर न चाखताच मान डोलावली. गडावरच्या करवंदीच्या जाळ्या तोडून तिथे हीच फळं लावायचं ठरलं.

त्याच जाळ्यांची करवंदं दाराशी विकणाऱ्या बुधीने हे ऐकलं. ती तडक पुढे झाली.

"शेटजी, पुरावा काय याला?"

"आमच्याकडे ही फळं तोडणारे नव्वदीतही रोज डोंगर चढतात!"

"आणि तुम्ही खाता का?"

"वीस वर्षं, रोज!" व्यापारी धापा टाकत म्हणाला. मेण्यातून उतरून तो चार पायऱ्या चढला होता ना, ती धाप अजून गेली नव्हती!

बुधी हात जोडून म्हणाली, "सरकार, तोडणारा डोंगर चढतोय आणि खाणाऱ्याला चार पायऱ्यांत धाप लागतेय. मग गुण फळाचा की डोंगराचा? माझी करवंदंही तेवढीच गुणकारी आहेत. फक्त सरकारांनी रोज गड चढून स्वतः तोडायची."

महाराजांनी आधी व्यापाऱ्याच्या ढेरीकडे पाहिलं, मग हळूच स्वतःच्या.

जाळ्या वाचल्या. व्यापाऱ्याला निरोप देताना महाराज म्हणाले, "शेटजी, तुम्ही चालतच जा. मेणा मागून पाठवतो."