सामाईक यादीतले दाजीसाहेब

फिरतं वाचनालय चालवणाऱ्या एका संस्थेत सगळ्यांच्या मोबाइलमधले नंबर संगणकावरच्या एकाच सामाईक यादीत कसे भरायचे, हे कुमुद गायधनी कर्मचाऱ्यांना शिकवत होती. अध्यक्ष दाजीसाहेब बुटाले यांना जिथे तिथे नाक खुपसायची भारी हौस. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मावलं, "फोनमध्ये नाव जसं आहे तसंच भरा. आणि ‘नोंद कोणी केली’ हा रकाना काढून टाका. इथलं काम संस्थेचं असतं, एकट्यादुकट्याचं नाही."

"एकदा विचार करा, साहेब," कुमुद म्हणाली.

"झाला करून."

चौथ्या दिवशी ते विश्वस्तांना यादी दाखवायला घेऊन आले आणि ऐटीत स्वतःचाच नंबर शोधला. पडद्यावर त्या एका नंबरापुढे पाच नावं उमटली: ‘दाजीसाहेब’, ‘मोठे साहेब’, ‘भाषण’, ‘उचलू नये’ आणि ‘जेवण झाल्यावरच उचलणे’.

विश्वस्तांनी तोंडाला रुमाल लावले. कर्मचाऱ्यांची पाचावर धारण बसली.

"कोणी लिहिलं हे?" दाजीसाहेब गरजले. "नाव सांगा, आत्ता घरी बसवतो."

"नावाचा रकाना तुम्हीच काढायला लावलात, साहेब," कुमुद शांतपणे म्हणाली. "इथलं काम एकट्यादुकट्याचं नसतं. तेव्हा हे संस्थेचंच मत समजा."