मध्यान्हीची सावली

अश्मक देशात पोतली नगरीत सुषेण राजा राज्य करीत होता. त्याच्या राज्याभिषेकाचे नववे वर्ष चालू असताना, फाल्गुन वद्य पक्षात, शिशिर सरत आला त्या दिवसांत, बोधिसत्त्व त्या नगरात देवल नावाचे राजज्योतिषी होते.

नगराच्या मध्यभागी विस्तीर्ण तलाव होता. तलावातील बेटावर बाभळीचे बन होते आणि त्या बाभळींवर दरवर्षी चित्रबलाक पक्षी घरटी बांधीत. लांब पिवळी चोच, पांढऱ्या अंगावर काळी नक्षी आणि शेपटीपाशी गुलाबी छटा असे ते मोठे पक्षी एकेक करून बनावर उतरू लागले, की घाटावरच्या बायका घागर पाण्यात तशीच धरून पाहत राहत.

त्या वर्षी राजाला फार उशिराने पुत्र झाला होता. उन्हाळा पुरता लागण्याआधीच बाळाचे अंग घामोळ्यांनी भरले. ते दूध टाकू लागले. पाण्यावरच्या वाऱ्यात ठेवले नाही तर वैशाख निभणे कठीण, असे वैद्यांनी सांगितले. राजाने बेटावर जलमंडप उभारण्याचे तत्काळ ठरविले. तक्षदत्त नावाच्या स्थपतीने बेट पाहून बाभळी तोडाव्या लागतील असे कळविले. घरट्यांत पिले होती; परंतु राजाला स्वतःच्या पाळण्यापलीकडे काही दिसत नव्हते. पहिल्या घावाचा मुहूर्त काढण्याची आज्ञा देवलांना झाली.

बोधिसत्त्वांनी गणित केले. ते निर्दोष निघाले: चैत्र शुद्ध दशमी, अभिजित मुहूर्त, म्हणजे ऐन मध्यान्ह. ते खिन्न होऊन घरी बसले असता त्यांच्या पत्नीने, मेधेने, कारण विचारले.

ऐकून ती म्हणाली, "अहो, ज्येष्ठापर्यंत मुहूर्तच नाही म्हणून सांगा. आकाशात चढून कोण बघणार आहे?"

"राजाने मला नक्षत्र विचारले आहे, मेधे. ते आहे तसेच सांगितले पाहिजे. माझे मन विचारले असते, तर तेही सांगितले असते."

"मग ते न विचारताच सांगा," मेधा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी मुहूर्त खराच सांगितला. यजमानाने पहिल्या घावाला स्वतः उभे राहावे हा संकेतही राजाच्या कानी घातला. एवढे सांगूनही ते बेटाकडे पाहत तिथेच घुटमळत राहिले, तेव्हा तक्षदत्त हसून म्हणाला, की आचार्यांना अलीकडे ग्रहांपेक्षा पिलांचीच दशा अधिक कळू लागली आहे.

दशमीस राजा नावेतून बेटावर उतरला. त्याच्यावर श्वेतछत्र होते, तरी पायाखालची वाळू भाजत होती. तोडणारे कुऱ्हाडी घेऊन पुढे सरताच सारे बन एकदम वर उठले. शेकडो पंखांच्या वाऱ्याने तलावाचे पाणी शहारले आणि क्षणभर नगरावरून एक सावली सरकत गेली.

बोधिसत्त्व पुढे आले. "महाराज, मुहूर्त लागला आहे. आता न विचारता एवढेच सांगतो, की घाव पडण्याआधी आपण त्या वाकलेल्या झाडाकडे पाहावे."

राजाने पाहिले. सारे उडाले होते, पण तिथे एक पक्षीण घरट्यातच उभी होती. सूर्याकडे पाठ करून तिने दोन्ही पंख पसरले होते आणि त्या सावलीत तीन पिले चोची उघडून धापा टाकीत होती. एका माणसाने खोडावर हात ठेवला. फांदी हलली. पक्षिणीने पायांची पकड घट्ट केली. पंख मिटले नाहीत.

इतक्यात तिचा नर पाण्यावरून आला. त्याने मान खाली करून चोचीतले पाणी पिलांच्या उघड्या तोंडांत आणि तापलेल्या पाठींवर ओतले. पिले शहारली. मग त्याने आपले पंख उघडले आणि ते पुरते उघडल्यावरच पक्षिणीने आपले मिटले. मधल्या वेळात पिलांवर उन्हाची एक तिरीपही पडली नाही.

तक्षदत्ताच्या हातातली मोजणीची दोरी गळून पडली होती. राजा छत्राखालून बाहेर आला आणि उघड्या डोक्याने उन्हात उभा राहिला. छत्रधारी लगबगीने मागे आला, तेव्हा राजाने त्याला हातानेच थांबविले.

तो म्हणाला, "माझे छत्र दुसरा कोणी धरतो. हे तर स्वतःच छत्र झाले आहेत." मग तो देवलांकडे वळला. "पण आचार्य, माझ्या लेकरालाही सावलीच हवी आहे."

"महाराज, गोदावरीच्या काठी माझी आमराई आहे. तिथले आमचे राहते घर लहान, पण नदीचा वारा थेट ओसरीत येतो. ते आजपासून बाळाचे. पाळणा आजच तिथे न्यावा."

"आणि तुम्ही?"

"मेधेने सकाळीच आमची भांडी गोठ्याशेजारच्या खोपटात हलविली आहेत. मला जागा ठेवली आहे की नाही, ते घरी गेल्यावर कळेल."

राजाच्या डोळ्यांत पाणी असताना त्याला हसू आले. त्याने कुऱ्हाडी नावेत ठेवावयास लावल्या. तिन्हीसांजेस पाळणा आमराईत टांगला गेला आणि नदीचा वारा लागताच बाळ कितीतरी दिवसांनी पोटभर दूध पिऊन झोपले. त्या बनाला पुन्हा कधी लोखंड लावू नये, अशी दवंडी त्याच दिवशी पिटली गेली.

ही पूर्वजन्मीची हकिगत भिक्षूंना सांगून तथागत म्हणाले, "तेव्हाचा सुषेण राजा तो आताचा आनंद. तक्षदत्त तो देवदत्त. मेधा ती राहुलमाता. देवल ज्योतिषी मीच होतो. आणि खोड हलत असताना जिने पंख मिटले नाहीत ती पक्षीण म्हणजे महाप्रजापती गौतमी. सात दिवसांचा असताना आईविना पोरक्या झालेल्या मला याही जन्मी तिनेच सावली दिली. भिक्षूंनो, जीव वाचविण्यासाठीसुद्धा जो असत्याचा आश्रय घेत नाही आणि सत्य सांगून झाल्यावर आपल्याजवळचे देण्यास मागे सरत नाही, त्याची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची साधना, पूर्ण झाली असे समजावे."

चैत्र शुद्ध दशमीस, पोतली नगरात, ती अशी पूर्ण झाली.