गाणारा खोपा

पाखरं आधी मत द्यायची आणि मग बघायची, त्या काळातली ही गोष्ट.

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दरसाल सुगरण पक्ष्यांचे नवे खोपे लटकत. त्या वर्षी गोंदाजी नावाच्या सुगरण पक्ष्याने कमालच केली. त्याने खोप्याच्या तळाला एक भोक ठेवलं. वारा शिरला की खोपा बासरीसारखा वाजायचा!

पहिला सूर निघतो न निघतो तोच साळुंकी किंचाळली, “अगं बाई, असा खोपा आजवर झालाच नाही!”

पोपटाने फांदीवर कोलांटी मारली. “मागच्या वर्षीचे खोपे फेकून द्या आता!”

बघता बघता बाभूळ पाखरांनी लगडली. कुणी नाचत होतं, कुणी पुन्हा ऐकायला पुढे घुसत होतं. कावळ्यालासुद्धा गहिवरून आलं.

गोंदाजीची बायको पिवळी, तीही मनापासून डोलली. सूर होताच तसा गोड. मग ती उडाली, अंड्याएवढा एक गोल खडा चोचीत धरून आली आणि तिने तो खोप्यात ठेवला.

खाली विहिरीत आवाज झाला, “डुबुक!”

“वाहवा! आता तर ठेकापण आला!” साळुंकी ओरडली आणि पंखांच्या फडफडाटाने अख्खी बाभूळ दणाणली.

गोंदाजीने छाती फुगवून विचारलं, “ऐकलंस ना?”

“ऐकलं,” पिवळी म्हणाली. “पण अहो, आज खडा होता, म्हणून हसत ऐकलं.”