जहागीरदारांचा वीरगळ

सखारामपंत उपळेकर इतिहासकार आहेत, हे त्यांच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नव्हतं. जन्मभर जमवलेली जुनी दप्तरं हाच त्यांचा संसार. ते ग्रंथ लिहीत आहेत हे कानी येताच एके दिवशी जहागीरदारांनी त्यांना वेशीवर बोलावलं. तिथे लढाईत पडलेल्या वीरासाठी कोरतात तसा नवाकोरा वीरगळ उभा होता.

"आमचे पणजोबा घाटातल्या लढाईत धारातीर्थी पडले. तुमच्या ग्रंथात तसंच लिहा," जहागीरदार म्हणाले. "नाहीतर तुमची दप्तरं उद्या आमच्या बंबात जातील."

पंतांनी दप्तरांत वेगळंच वाचलं होतं. पणजोबा त्या लढाईतून पळून आले होते आणि म्हातारे होऊन अंथरुणात वारले होते. तेवढ्यात शेजारी उभे असलेले जहागीरदारांचे चुलतभाऊ हैबतराव त्यांना दिसले.

"लिहितो सरकार. पण तेव्हा पणजोबांचं लग्नही झालं नव्हतं. ते तिथेच पडले असतील, तर जहागीर त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे आज त्या भावाचे पणतू असलेल्या या हैबतरावांची. ते जीव वाचवून परतले, म्हणून आपण गादीवर आहात. कोणतं लिहू?"

"धारातीर्थीच लिहा की," हैबतराव मिशीला पीळ देत म्हणाले.

जहागीरदारांनी दगडाकडे पाठ फिरवली. "परतले असं लिहा," ते पुटपुटले. "आणि हा दगड हलवा इथून."

घरी येताच पंत ओसरीवर टेकले.

"अगं, बंब पेटव," त्यांनी बायकोला हाक दिली. "लाकडंच घाल हो."